ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, पण नोंद वहीत!

मैत्रिणींनो, उन्हाळा लागला की गटाच्या मोबाइलवर ऑर्डरी सुरू होतात. "ताई, दोन किलो नागलीचे पापड ठेवा." "५०० टाकले, बघा." मग त्यावर शुभ सकाळची फुलं, लग्नपत्रिका, व्हिडिओ यांचा ढीग पडतो. माल न्यायला आलेली बाई म्हणते, "मी पैसे दिलेत," आणि आपण मोबाइल वर-खाली करत बसतो.

हे मेसेज राहतात कुठे? आपल्याच मोबाइलमधल्या डेटाबेसमध्ये. डेटाबेस म्हणजे रकाने आखलेली वहीच समजा: कोणी पाठवलं, कधी, काय. मेसेज पोचला की व्हॉट्सअ‍ॅप कंपनी तो स्वतःकडे ठेवत नाही. म्हणून मोबाइल हरवला आणि बॅकअप नसला, तर हिशोबही गेला. फेसबुकचं वेगळं आहे. तिथे टाकलेला फोटो कंपनीच्या संगणकावर राहतो, दुसऱ्या मोबाइलवर लॉगिन केलं तरी दिसतो.

आता एवढं करा:

१. शोधा. व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधामध्ये 'नागली' लिहिलं की तो शब्द असलेले मेसेज समोर येतात. पैसे भरल्याच्या फोटोतली रक्कम मात्र अशी सापडत नाही. म्हणून फोटोखाली नाव आणि रक्कम लिहायला सांगा. महत्त्वाचा मेसेज दाबून धरा आणि त्याला चांदणी लावा.

२. बॅकअप घ्या. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. गुगल खात्यात १५ जीबी जागा फुकट असते. व्हिडिओ वगळले तर ती पुरते. नवीन मोबाइलवर मेसेज परत आणायला तोच नंबर आणि तेच गुगल खातं लागतं. दोन्ही गटाच्या वहीत लिहून ठेवा. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणालाच सांगायचा नाही.

३. वहीत उतरवा. एका ऑर्डरीला एक ओळ. रकाने असे: क्रमांक, तारीख, नाव, मोबाइल नंबर, माल, किलो, जमा, बाकी, माल दिला का. एका गावात एकाच नावाच्या दोघी-तिघी असतात, म्हणून नंबर हवाच. पण गिऱ्हाइकाचा नंबर तिला न विचारता पुढे पाठवू नका.

पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेतच. बचतीला जी शिस्त, तीच ऑर्डरीला लावायची. येत्या बैठकीत वहीचं एक पान आखा, मागच्या आठवड्याच्या ऑर्डरी उतरवा आणि 'बाकी' रकान्याची बेरीज करा. आपले किती पैसे बाहेर आहेत, ते तिथेच कळेल.