भोपळा की कोरी जागा?

प्रश्न : आम्ही सातारा-सांगलीतल्या क्लब क्रिकेटचे धावफलक दाखवणारे ॲप करतोय. एपीआयमधून धावांच्या जागी कधी ‘नल’ येते, कधी ते फील्डच येत नाही. आम्ही सरसकट शून्य भरतो, पण सरासऱ्या चुकतात. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ते शून्य भरणे थांबवा. भोपळा ही फलंदाजाची कमाईच, नकोशी असली तरी. फलंदाजीच न मिळणे वेगळे. ४० वर बाद, ० वर बाद आणि तिसऱ्या सामन्यात फलंदाजी नाही, तर सरासरी २०. तुमचे ॲप १३.३३ दाखवील.

जावास्क्रिप्टमध्ये नल किंवा रिकामी स्ट्रिंग आकड्यात बदलली की गुपचूप शून्य होते. पायथनमध्ये नेमके उलटे : ‘इफ नॉट रन्स’ लिहिले की खरा भोपळाही गैरहजर ठरतो. तिथे ‘इज नन’च तपासा.

नल आणि गायब फील्ड एकाच पोत्यात घालू नका. पुरवठादाराशी ठरवून घ्या : नल म्हणजे खेळलाच नाही. फील्डच नसेल तर गडबड त्यांच्याकडे. ती नोंद बाजूला काढा, सरासरीत घेऊ नका.

शिवाय सुटे फील्ड तपासून भागत नाही. सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१७ च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. तिथे ‘कोणी बाद केले’ हा रकाना कोराच हवा. त्यात नाव आले, तरच तुमच्या तपासणीने ओरडावे.