जिल्हा बदलला, व्हिसा अडेल का?

प्रश्न : माझे लग्न नुकतेच गोरेगावात झाले. पती लंडनला नोकरी करतात. माझ्या जुन्या जन्मदाखल्यावर ‘जिल्हा भंडारा’ आहे, आधारवर ‘गोंदिया’. पत्नी म्हणून व्हिसा मागताना अडचण येईल का?
– एक वाचक, गोरेगाव (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, घाबरू नका. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या दाखल्यावर भंडारा असणे बरोबरच आहे. तो बदलून घेऊ नका. अर्जासोबतच्या पत्रात हे दोन ओळींत लिहा.

खरी काळजी नावाची घ्या. पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि बाकीच्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही.

लग्नपत्रिका आणि फोटो पुरेसे नाहीत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली विवाहनोंदणी करून प्रमाणपत्र घ्या. मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा.

ब्रिटनसाठी क्षयरोग तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते आणि तिचे प्रमाणपत्र सहा महिनेच चालते. म्हणून ती फार आधी करू नका. पती ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायमचे स्थायिक असतील, तर इंग्रजीची ए-१ पातळीची परीक्षा मात्र लवकर द्या.

पतीकडून पगारपत्रके, बँकेचे उतारे आणि घराचे कागद मागवा. पती असे नागरिक किंवा स्थायिक असतील, तर ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी वार्षिक उत्पन्नाची अट साधारणपणे २९,००० पौंड आहे. अर्जाच्या दिवशीचा नियम ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर वाचा. ‘हमखास व्हिसा’ सांगणाऱ्या दलालाला मूळ कागद कधीही देऊ नका.