सिरफिड माशी : शिवारातील निरीक्षणाचा एक पाठ

पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, ते जुन्नर तालुक्यातील आळेफाटा कांद्याच्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित आहे. बाजारात आलेला कांदा आपण नित्य पाहतो. परंतु ज्या बियांपासून हा कांदा होतो, ते बी शिवारात कसे तयार होते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांना पौष-माघात फुलांचे दांडे येतात आणि त्यांच्या टोकाला पांढरे गोंडे उमलतात. सकाळच्या उन्हात अशा एखाद्या गोंड्यापाशी दहा मिनिटे शांतपणे उभे राहिल्यास दिसून येते की, ज्या सर्वांना आपण मधमाश्या समजत होतो, त्यांतील काही मधमाश्या नाहीतच. त्या सिरफिड माश्या होत.

ह्या माश्यांकडे लक्ष देण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. पीक फुलोऱ्यात असताना फवारणी करावयाची की नाही, केली तर कोणत्या वेळी, हा निर्णय शेतकऱ्याला दरवर्षी घ्यावा लागतो. शेतात कोण येते आणि काय करते, हे ठाऊक नसताना घेतलेला निर्णय पुष्कळदा आपल्याच मदतनीसांवर उलटतो. म्हणून शाळा, ग्रामपंचायत आणि शेतकरी ह्यांनी मिळून करता येईल, अशा एका साध्या क्षेत्र-अभ्यासाची रीत येथे दिली आहे.

माशीची ओळख

जगात सिरफिड कुळातील सुमारे ६,००० जाती ज्ञात असून भारतात ३०० हून अधिक जातींची नोंद आहे. भारतातील ह्या कुळाचे विस्तृत वर्णन एन्रिको ब्रुनेटी ह्यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ह्या ग्रंथमालेच्या १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात केले. ह्यांतील अनेक जातींच्या पोटावर काळे-पिवळे पट्टे असतात. पक्ष्यांनी मधमाशी किंवा गांधीलमाशी समजून दूर राहावे, असे हे सोंग आहे. अशा अनुकरणाची उपपत्ती हेन्री वॉल्टर बेट्स ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये मांडली. हे सोंग माणसालाही फसविते. परंतु सिरफिड माशीला नांगी नसते आणि ती चावतही नाही.

मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, सिरफिडला एकच. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक अवयव असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात. मधमाशीच्या मिशा लांब व कोपरासारख्या वाकलेल्या, तर सिरफिडच्या अगदी आखूड. डोळे मोठे असून बहुतेक जातींच्या नरांत ते डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. माद्यांत त्यांच्यामध्ये अंतर असते. पायांवर परागाच्या गोळ्या नसतात. सर्वांत सोपी खूण म्हणजे ही माशी हवेत एकाच जागी टांगल्यासारखी स्थिर राहते आणि क्षणात बाजूला सरकते.

येथे नावाचा एक घोटाळा टाळावयास हवा. आंबा, पेरू व वेलवर्गीय फळांचे नुकसान करणारी फळमाशी वेगळी आणि सिरफिड वेगळी. दोघींच्या अंगावर पिवळा रंग असला, तरी एक पिकाची शत्रू आहे आणि दुसरी मित्र.

दुहेरी उपयोग

सिरफिड माशी मकरंदावर जगते. अंडी परिपक्व होण्यासाठी मादीला परागही खावे लागतात. तिची सोंड बहुधा आखूड असल्यामुळे कांदा, कोथिंबीर, बडीशेप, गाजर, मोहरी अशी उघडी व उथळ फुले तिला सोयीची पडतात. कांद्याच्या बाबतीत ह्या भेटींना विशेष महत्त्व आहे. कांद्याच्या फुलातील परागकोश आधी फुटतात आणि त्याच फुलाची कुक्षी पराग स्वीकारण्यास नंतर तयार होते. साहजिकच दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारे कीटक नसतील, तर बी नीट धरत नाही. मधमाशी ह्या कामात अग्रेसर आहे. परंतु ती एकटी नाही.

दुसरा उपयोग अळीचा. ह्या कुळातील अनेक जातींची मादी माव्याच्या वसाहतीजवळ पांढरट, लांबट अंडी एकेकटी घालते. अंड्यातून निघालेली अळी मावा पकडून त्यातील रस शोषते. कोषावस्थेत जाईपर्यंत एक अळी शेकडो मावा फस्त करू शकते. ह्याच कुळातील काही जातींच्या अळ्या मात्र गढूळ, साचलेल्या पाण्यात लांब शेपटीसारख्या नळीने श्वास घेत वाढतात. तेव्हा सर्व सिरफिड अळ्या मावा खातात, असे सरसकट म्हणता येणार नाही.

ह्या माश्यांचा पल्लाही थोडा नाही. दक्षिण ब्रिटनवरून दरवर्षी ४०० कोटींपर्यंत सिरफिड माश्या स्थलांतर करतात, असा अंदाज तेथील संशोधकांनी रडारच्या साहाय्याने केलेल्या दीर्घ निरीक्षणांवरून २०१९ साली प्रसिद्ध केला.

निरीक्षणाची रीत

अभ्यासाला वही, पेन्सिल, घड्याळ, तापमापक आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरेसे आहे. भ्रमणध्वनीचा कॅमेरा असल्यास उत्तम. ब्रिटनमध्ये २०१७ पासून चालू असलेल्या परागवाहक गणनेत स्वयंसेवक ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीतील फुलांवर दहा मिनिटे नजर ठेवतात. कांद्याच्या शेतात चौकटीऐवजी मोजके गोंडे निवडणे अधिक सोयीचे ठरते.

शेताच्या बांधालगत एक आणि मध्यभागी एक, अशा दोन जागा निवडाव्यात. प्रत्येक ठिकाणी उमललेले २० गोंडे खुणेची दोरी बांधून निश्चित करावेत. दहा मिनिटांत त्यांवर आलेल्या कीटकांच्या भेटी पुढील गटांत लिहाव्यात : मधमाश्या, सिरफिड माश्या, इतर माश्या, फुलपाखरे व इतर. कीटकाने फुलाच्या पुंकेसरांना वा कुक्षीला स्पर्श केला, तरच ती भेट धरावी. पानावर बसलेला किंवा वरून घिरट्या घालणारा कीटक मोजू नये. एकही कीटक आला नाही, तर रकान्यात शून्य लिहावे. शून्य ही सुद्धा नोंद आहे. ती गाळली की सरासरी खोटी ठरते.

हीच गणना सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता करावी आणि फुलोरा संपेपर्यंत दर आठवड्याला तिची पुनरावृत्ती करावी. प्रत्येक वेळी तापमान, ऊन की ढग, वारा आणि शेवटच्या फवारणीची तारीख लिहावी. नंतर भेटींची संख्या गोंडे आणि मिनिटे ह्यांच्या गुणाकाराने भागावी. समजा, २० गोंड्यांवर १० मिनिटांत ३० भेटी झाल्या, तर दर गोंड्यास दर मिनिटाला ०.१५, म्हणजे तासाला ९ भेटी होतात. असे केल्याने दोन शेतांची वा दोन वेळांची तुलना रास्त होते. एका शेताची सकाळ आणि दुसऱ्याची दुपार मात्र कधीही ताडून पाहू नये.

केवळ छायाचित्रावरून प्रत्येक जात ओळखता येत नाही. वरून, बाजूने व चेहऱ्यासमोरून अशी तीन छायाचित्रे घ्यावीत आणि शंका असल्यास ‘सिरफिड, जात अनिश्चित’ असे प्रांजळपणे लिहावे. जातींच्या निश्चितीसाठी पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

भेट म्हणजे परागीभवन नव्हे

कीटक फुलावर आला, एवढ्याने त्याने बी धरविले, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी एक छोटा प्रयोग करावा. फुले उमलण्यापूर्वी दहा गोंड्यांना विरळ, पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात; दहा गोंडे उघडे ठेवावेत; आणखी दहांना पिशव्या बांधाव्यात, परंतु कुक्षी तयार झाल्यावर पिशवी काढून मऊ कुंचल्याने दुसऱ्या गोंड्याचा पराग त्यांना लावावा व पिशवी पुन्हा बांधावी. हा तिसरा गट महत्त्वाचा आहे. पिशवीतील गोंड्यांना बी कमी आले, तर ते कीटकांच्या अभावी की पिशवीतील कोंडमाऱ्यामुळे, ह्याचा उलगडा त्यावरून होतो. काढणीच्या वेळी तिन्ही गटांतील बी मोजून वजन करावे. कीटकांच्या कामाचे मोल त्या वेळी शेतकऱ्याला तराजूत दिसते.

माव्याच्या वसाहतीत

अभ्यासाचा दुसरा भाग करडई, मोहरी किंवा कोबीच्या शेतात करावयाचा आहे. शेतात तिरकस चालत २० झाडे निवडावीत. प्रत्येक झाडावरील मावा, सिरफिड अळ्या, ढालकिडे व क्रायसोपाच्या अळ्या मोजाव्यात. सिरफिडची अळी पाय नसलेली, पुढे निमुळती, हिरवट वा मळकट रंगाची असते आणि डोके इकडेतिकडे हलवीत मावा शोधते. पाने कुरतडणाऱ्या अळीला पाय व स्पष्ट डोके असते. हा भेद ठाऊक नसल्यास ‘माव्याबरोबर अळीही पडली’ असे समजून आपण आपल्याच मित्रावर औषध मारतो. फवारणीपूर्वी आणि नंतर एका आठवड्याने ही मोजणी केल्यास मावा किती मेला आणि त्याचे भक्षक किती उरले, हे दोन्ही कळते.

कीटकनाशकांची कधीच गरज नसते, असा ह्याचा अर्थ नव्हे. कांद्यावरील फुलकिडे ही खरी अडचण आहे. तथापि किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे काय, हे आधी पाहावे. फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळावी. अटळच असेल तर कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने आणि कीटकांची वर्दळ थांबल्यावर सायंकाळी करावी. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय ही दोन्ही ठिकाणे आळेफाट्यापासून ह्याच महामार्गावर आहेत.

दक्षता

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्यांचा वावर आहे. उसाच्या कडेने पहाटे किंवा सायंकाळी विद्यार्थ्यांना नेऊ नये. कोणीही एकट्याने जाऊ नये. सुदैवाने सिरफिड माश्यांनाही ऊनच हवे असते, त्यामुळे ऊन चांगले वर आल्यावर निघाल्यास अभ्यासाचे काही बिघडत नाही. नुकतीच फवारणी झालेल्या शेतात पाऊल टाकू नये आणि शेतमालकाची परवानगी प्रथम घ्यावी.

नोंदी कोणाच्या कामी

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. अशा नोंदवह्यांत वृक्ष, पक्षी व जनावरे सहज येतात. माश्यांना जागा क्वचित मिळते. शाळेने केलेल्या नोंदी दिनांक, ठिकाण आणि निरीक्षकाच्या नावासह समितीकडे दिल्यास ही उणीव भरून निघेल.

कल्याण रस्त्यावर माळशेज घाट चढून आल्यावर मढ, ओतूर, आळेफाटा, बेल्हे, अणे अशी गावे क्रमाने लागतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो, तशी पिके आणि रानफुलेही बदलतात. ह्या गावांतील शाळांनी एकाच दिवशी, एकाच रीतीने दहा मिनिटांची गणना केली, तर घाटमाथ्यापासून पठारापर्यंत परागवाहक कीटक कसे बदलतात, ह्याचे चित्र उभे राहील. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, सातत्याची आहे.

एका वर्षाच्या नोंदींवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. तीन-चार वर्षे त्याच शेतात, त्याच महिन्यात मोजणी झाली, म्हणजे माश्या वाढल्या की घटल्या, हे सांगता येईल. तोपर्यंत एवढे तरी निश्चित साधेल की, पुढच्या माघात फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी शेतकरी घटकाभर गोंड्यापाशी थांबेल आणि कोण आले आहे ते पाहील.