खाऱ्या हवेतली एअरबॅग

अपघातात एअरबॅग उघडली नाही, या तक्रारीमागे दोन अगदी वेगळी कारणे असतात. काही वेळा तो अपघात एअरबॅग उघडण्याजोगा नसतोच. काही वेळा ती उघडायलाच हवी असते, पण यंत्रणा कधीचीच निकामी झालेली असते आणि गाडीत बसणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. रायगडच्या किनारपट्टीवर दुसऱ्या कारणाची धास्ती जास्त बाळगावी लागते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, नदीकाठच्या गावांत शिरणारे पुराचे पाणी आणि पुळणीवर थेट लाटांपर्यंत गाडी नेण्याची हौस, या चारही गोष्टी एअरबॅगच्या वायरिंगच्या मुळावर येणाऱ्या आहेत.

गाडीच्या पुढच्या सांगाड्यावर सेन्सर असतात. त्यांच्या तारा कंट्रोल युनिटपर्यंत जातात. बहुतेक गाड्यांत हे युनिट गिअरच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत बसवलेले असते. धडकेत वेग किती झपाट्याने घटला हे ते मोजते आणि काही मिलिसेकंदांत निर्णय घेते. मग ठिणगी पडते, रसायन जळते, वायू तयार होतो, पिशवी फुगते आणि लगेच रिकामीही होऊ लागते. पापणी लवायच्या आत सगळे आटोपते. एवढ्या थोड्या वेळात काम व्हायचे तर एकही जोड सैल किंवा गंजलेला असून चालत नाही.

समोरची एअरबॅग ढोबळमानाने ताशी २० ते २५ किलोमीटर वेगाने पक्क्या भिंतीवर आदळण्याइतका धक्का बसला की उघडते. मीटरवरचा काटा कितीवर होता याला येथे महत्त्व नाही. धडकेत वेग एकदम किती कमी झाला, त्याला आहे. म्हणून ताशी ८० च्या वेगातली गाडी रस्ता सोडून भातखाचरात घसरत गेली तर एअरबॅग बंद राहू शकते आणि त्यात दोष असेलच असे नाही. मागून धडक बसली, गाडी नुसती उलटली, तरी समोरच्या एअरबॅग सहसा उघडत नाहीत. सर्वांत वाईट प्रकार उभ्या ट्रकखाली शिरण्याचा. बोनेट ट्रकच्या खाली जाते, सेन्सर असलेल्या सांगाड्याला पुरेसा मार बसत नाही आणि पहिला खरा आघात काचेवर, म्हणजे डोक्याच्या उंचीवर येतो. उरणकडचे कंटेनरचे रस्ते आणि मुंबई-गोवा महामार्ग येथे रात्री कडेला उभ्या राहणाऱ्या अवजड गाड्यांची भीती याचमुळे जास्त. अशा वेळी एअरबॅगवर भिस्त ठेवता येत नाही.

सीटबेल्ट नसेल तर उघडलेली एअरबॅगही घात करू शकते, कारण पुढे फेकलेले शरीर फुगत्या पिशवीवर आदळते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या सीटवरचे दोघे दगावले. त्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती आणि तिच्यात एअरबॅगही भरपूर होत्या.

प्रस्तुत लेखकाच्या घरची गाडी वडखळहून अलिबागकडे येताना पोयनाडजवळ एका उभ्या टेम्पोवर आदळली. बोनेटची घडी झाली, रेडिएटर फुटला, सीटबेल्टचा वळ चालवणाऱ्याच्या छातीवर कित्येक दिवस राहिला. पण दोन्ही एअरबॅग जागच्या हलल्या नाहीत. गाडी सेकंडहँड घेतलेली होती. गॅरेजमध्ये मेकॅनिकने स्कॅनर लावला, तर कंट्रोल युनिट काही दाखवीच ना. त्याने गिअरपुढचे प्लास्टिक काढले. युनिटच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. कार्पेट उचलल्यावर खालच्या फोममध्ये वाळलेला, बोटाला लागणारा बारीक गाळ निघाला. गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली होती. मीटर खोलल्यावर उरलेला प्रकार कळला. एअरबॅगच्या दिव्याची तार बॅटरीच्या दिव्याला जोडून दिली होती. चावी फिरवली की दिवा लागायचा आणि इंजिन सुरू झाले की विझायचा, म्हणजे निरोगी गाडीत जसा दिसतो तसाच. विकणाऱ्याने केलेली ही फसवणूक साधी नव्हे. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी तो खेळ होता.

म्हणून रोजची पहिली तपासणी या दिव्याची असली, तरी तेवढ्यावर भागत नाही. चावी फिरवल्यावर दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर यंत्रणेत दोष आहे. मुळीच लागला नाही तर तेही तितकेच गंभीर आहे, कारण दिवा काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. सेकंडहँड गाडी घेताना मात्र स्कॅनरने कंट्रोल युनिट बोलते का ते पाहावे, कार्पेट उचलून बघावे, सीटच्या रुळांवर आणि सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का ते पाहावे आणि विम्याच्या जुन्या क्लेमची माहिती मागावी. आरसी बुकावर गाडी पुरात बुडाल्याची नोंद नसते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा दारातल्या गाड्याही बुडाल्या. काशीद, रेवदंडा, अलिबागच्या किनाऱ्यावर भरतीत अडकणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांचे हाल याहून वाईट होतात, कारण खारे पाणी वाळले तरी मीठ मागे राहते आणि गंज पुढे महिनोन्‌महिने चालूच राहतो. गाडीत सीटपर्यंत पाणी आले असेल तर चावी फिरवू नये. बॅटरी सोडवून गाडी टो करून न्यावी. भिजलेले कंट्रोल युनिट आणि कनेक्टर वाळवून परत बसवू देऊ नयेत. बदलून घ्यावेत आणि बिलावर त्या भागांची नावे लिहून घ्यावीत.

दमट हवेचा एक धडा जगाने मोठी किंमत मोजून घेतला. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होते. उष्णता आणि दमटपणा यांनी ते वर्षानुवर्षे बिघडत गेले. एअरबॅग उघडताना धातूचे कवचच फुटून तुकडे अंगात घुसू लागले. सुमारे १० कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही होंडासह अनेक कंपन्यांनी असे इन्फ्लेटर असलेल्या गाड्या परत बोलावल्या. त्याहून अलीकडे, जानेवारी २०२३ मध्ये, मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. आपल्या गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते कळते. या बोलावण्यातली दुरुस्ती फुकट असते. दहा-बारा वर्षांची गाडी किनाऱ्यावर वापरणाऱ्याने हा नंबर आजच टाकून पाहावा.

साइड एअरबॅग असलेल्या सीटवर तिची वाट अडवणारे कव्हर घालू नये. डॅशबोर्डच्या एअरबॅगच्या झाकणावर गणपतीची मूर्ती किंवा मोबाइलचा स्टँड चिकटवू नये. झाकण उसळले की ती वस्तू थेट तोंडावर येते. पुढे लोखंडी बुलबार लावल्यास धक्क्याची वाटच बदलते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बुलबारवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले आहे.

एअरबॅग न उघडल्याची शंका असेल तर अपघातानंतरचे पहिले काही दिवस मोलाचे असतात. गाडी खोलू देण्याआधी सर्व बाजूंनी, विशेषतः समोरच्या सांगाड्याचे आणि डॅशबोर्डचे फोटो काढावेत. पोलीस पंचनामा, सर्व्हेअरचा अहवाल, डॉक्टरांची कागदपत्रे जपावीत. कंट्रोल युनिट हलवू नये आणि त्यातली नोंद आपल्यासमोर वाचावी, अशी लेखी मागणी कंपनीला करावी. धडक पुरेशी जोराची नव्हती, हे उत्तर हमखास येते. २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाई क्रेटाच्या एका प्रकरणात तेच उत्तर फेटाळले. ग्राहकाने वेग आणि बल यांची गणिते मांडून एअरबॅग घ्यावी अशी अपेक्षा नसते, असे न्यायालयाने म्हटले. ३ लाख रुपये भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा दिल्ली राज्य ग्राहक आयोगाचा आदेश कायम राहिला.

रायगडच्या ग्राहकाला यासाठी अलिबागच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे.