पायास योग्य जोडा

दुकानातील कोणताच जोडा पायास नीट बसत नाही, अशी पुष्कळ स्त्रियांची तक्रार असते. दोष पायाचा नसून मापाचा असतो. जोड्यावरील क्रमांक बहुधा केवळ लांबी दर्शवितो. इंग्रजी पद्धतीत एका क्रमांकागणिक लांबी एक-तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर वाढते. रुंदीचा बोध त्यातून होत नाही.

म्हणून रुंद पावलाची स्त्री मोठा क्रमांक घेते. मग टाच सैल पडते आणि जोडा वाकण्याची जागा बोटांच्या सांध्यांपुढे सरकते. चालताना पाऊल घसरते व कातडी सोलवटते.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांच्या पावलांची मापे घेतली. ही पावले पाश्चात्त्यांच्या मानाने सामान्यतः रुंद आढळली. अर्थात परक्या मापाचा जोडा येथे अनेकींना आवळणारच.

यावर साधा उपाय आहे. सायंकाळी पावले किंचित फुगलेली असतात. त्या वेळी कागदावर उभे राहून दोन्ही पावलांच्या बाह्यरेषा दुसऱ्याकडून काढून घ्याव्यात. मोठ्या पावलाची आकृती दुकानात न्यावी. जोड्याचा तळ तीहून अरुंद दिसल्यास, क्रमांक कोणताही असो, तो जोडा परत ठेवावा.