तुम्ही भारतात आणि मतदान ब्रिटनमध्ये: प्रॉक्सी कोणाला नेमाल?

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांना आपल्याला इथे मत आहे हे फार उशिरा कळते. पासपोर्ट भारताचा आणि हातात नोकरीचा किंवा शिक्षणाचा व्हिसा असला, तरी राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून आपण कौन्सिलच्याच नव्हे तर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. त्याने भारतीय नागरिकत्वाला काही बाध येत नाही. हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी काळजीने विचारतेच, म्हणून आधीच सांगितले. नाव नोंदवायला नॅशनल इन्शुरन्स नंबर पुरतो. घर भाड्याने घेताना, मोबाईलचा करार करताना क्रेडिट रेकॉर्डला मदत होते म्हणून बरेच जण नाव नोंदवतात आणि तिथेच थांबतात. मत मात्र वाया जाते, कारण मतदानाच्या दिवशी आपण इथे नसतो.

कौन्सिलच्या निवडणुका साधारणपणे मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी असतात. आपल्याकडे तेव्हा लग्नसराई असते, आंबा असतो आणि आईवडील वाट पाहत असतात. सार्वत्रिक निवडणूक तर कधीही लागते. 2024 मध्ये 22 मेला घोषणा झाली आणि 4 जुलैला मतदान. तोवर अनेकांची उन्हाळ्याची तिकिटे काढून झाली होती. अशा वेळी ‘पोस्टल व्होट घेऊ, मतपत्रिका पुण्याला मागवू’ असे नव्या मंडळींना वाटते. वीस-पंचवीस वर्षे इथे राहिलेली कुटुंबे एकमुखाने सांगतात की भारतात जाणार असाल तर हे करू नका. मतपत्रिका छापून, टपालाने भारतात पोहोचून, भरून पुन्हा मतदान संपण्याआधी परत येणे वेळेत बसणे कठीण. त्यापेक्षा प्रॉक्सी नेमा, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारी विश्वासाची व्यक्ती.

व्यक्ती निवडताना घाई करू नका, सगळी गोम तिथेच आहे. पहिली अट कायद्याची: त्या व्यक्तीचे नाव स्वतः मतदारयादीत हवे आणि त्या निवडणुकीत तिला मतदानाचा हक्क हवा. व्हिजिटर व्हिसावर आलेले सासरे म्हणूनच चालत नाहीत. दुसरी अट सोयीची: प्रॉक्सीला तुमच्या मतदान केंद्रावर जावे लागते, स्वतःच्या नव्हे. तुम्ही हॅरोला आणि तुमचा मित्र लेस्टरला असेल, तर त्याला कामाच्या दिवशी एवढे अंतर तोडायला लावू नका. त्याला तुमच्या वतीने टपालाने मत देण्याचा वेगळा अर्ज करता येतो, पण त्याची मुदत आधी संपते. शेजारची गल्ली, मुलांच्या शाळेतली ओळख, रविवारच्या मराठी शाळेतल्या ताई यांच्यात कोणी असेल तर उत्तम.

तिसरी गोष्ट कोणत्याही अर्जावर छापलेली नसते. प्रॉक्सीला तुमचे मत कळणार. ज्यांच्याशी राजकारणावर वाद होतात, ज्यांना ‘अमुक पक्षालाच का?’ असे विचारल्याशिवाय राहवत नाही, त्यांना हे काम देऊ नका, मग ते कितीही जवळचे असोत. तुमच्या उमेदवाराचे नाव ऐकून फक्त ‘बरं, देते’ म्हणणारी मावशी अशा वेळी फार मोलाची. आणि घरातली गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. ‘आमच्या दोघांचे मत यांना द्या’ असे नवऱ्याने परस्पर सांगणे बरोबर नाही. बायकोचा अर्ज तिचा, सही तिची आणि उमेदवाराचे नाव सांगणारा आवाजही तिचाच हवा. हे आम्ही कळकळीने सांगतो, कारण चांगल्या घरांतही हे नकळत घडते.

पूर्वी मंडळातले एखादे काका आपल्या सगळ्या मुला-नातवंडांची प्रॉक्सी घेऊन जात. 31 ऑक्टोबर 2023 पासून त्याला मर्यादा आली. पार्लमेंटच्या आणि इंग्लंडमधल्या निवडणुकांत एका माणसाला जास्तीत जास्त चार जणांसाठी मत देता येते आणि त्यांत ब्रिटनमध्ये राहणारे मतदार दोनच असू शकतात. उरलेले दोन परदेशात राहणारे ब्रिटिश मतदार किंवा सैन्यातले. म्हणजे सिंगापूरला नोकरीला गेलेल्या, ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलासाठी वडील मत देऊ शकतात आणि शिवाय शेजारच्या एका जोडप्यासाठीही. त्यामुळे कोणाला विचाराल तेव्हा ‘आधीच दोघांचे घेतले आहे का?’ हेही विचारा.

अर्ज ऑनलाइन होतो, कागदावरही होतो. एका ठरावीक निवडणुकीपुरता अर्ज असेल तर येऊ न शकण्याचे कारण द्यायचे. सुट्टीवर असणे हे चालणारे कारण आहे. ऑनलाइन भरताना हाताने केलेल्या सहीचा फोटो जोडावा लागतो. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा.

मुदत मात्र पाठ करा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मतदानाच्या आधी सहा कामकाजाचे दिवस, संध्याकाळी 5 पर्यंत. गुरुवारी मतदान असेल तर आधीच्या आठवड्यातला बुधवार, पण मध्ये बँक हॉलिडे आला तर आणखी एक दिवस मागे. 4 जुलै 2024 साठी ती वेळ 26 जूनला संपली. मतदारयादीत नाव घालण्याची मुदत त्याहून आधी, बारा कामकाजाच्या दिवसांवर असते. आणि पोस्टल व्होट आधीच घेतलेला असेल तर तो बदलून प्रॉक्सी करायला अकरा कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. उत्तर आयर्लंडचे नियम आणि मुदती वेगळ्या आहेत.

ऐनवेळी आजारपण आले, नोकरीच्या कामाने अचानक जावे लागले किंवा ओळखपत्र हरवले, तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत तातडीची प्रॉक्सी मागता येते. सुट्टीसाठी ती मिळत नाही. भारतातल्या आईवडिलांच्या आजारपणासाठी निघावे लागले, तर ते यात बसेलच असे गृहीत धरू नका. कौन्सिलच्या निवडणूक विभागाला निघण्यापूर्वी फोन करा.

मतदानाच्या दिवशी केंद्र सकाळी 7 ते रात्री 10 उघडे असते. प्रॉक्सीने स्वतःचे फोटो ओळखपत्र न्यायचे, तुमचे नाही. भारतीय पासपोर्ट राष्ट्रकुल देशाचा असल्याने चालतो. उमेदवाराचे नाव तुम्ही त्यांना आधी लिहून पाठवा, पक्षाचे नुसते चिन्ह सांगू नका. कौन्सिलच्या निवडणुकीत एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार असू शकतात आणि तितकी मते द्यायची असतात. बेत बदलला आणि तुम्ही इथेच राहिलात, तर प्रॉक्सीने मत देण्याआधी केंद्रावर जाऊन तुम्ही स्वतः मत देऊ शकता.

‘मग भारतातल्या मतासाठीही असेच कोणाला नेमता येईल का?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. आज तरी नाही. 2003 पासून सैन्यातल्या मतदारांना गावात प्रॉक्सी नेमता येतो आणि त्या प्रॉक्सीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतली मुले सैन्यात आहेत, तिथे ही सोय लोकांना ठाऊक असते. अनिवासी भारतीयांना प्रॉक्सी देणारे विधेयक 9 ऑगस्ट 2018 ला लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली आणि 2019 मध्ये ते बारगळले. भारतीय पासपोर्ट असेल तर फॉर्म 6अ भरून आपल्या गावच्या यादीत नाव घालता येते, मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन तिथल्या केंद्रावर स्वतःच जावे लागते.