तास मोजावेत की उणिवा?

प्रश्न : रोज तासन्‌तास सराव करूनही प्रगती अडली आहे. जन्मजात गुणच नसेल का? – एक वाचक, बीड

उत्तर : आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०१८ साली ८ मिनिटे २९.८० सेकंदांत गोपाळ सैनी यांचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४मध्ये पॅरिसला वेळ ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांवर आणली. अंगची कुवत मोठी होती, हे मान्यच. पण कुवत तर २०१८लाही होती. पुढचे वीस सेकंद कमवावे लागले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात, प्रत्येक उडीला लय मोडू शकते. नुसते धावून ती सुधारत नाही, उडीच घोटावी लागते. तुमचे तास बहुधा जमते तेच गिरवण्यात जात असावेत. न जमणारा तुकडा वेगळा काढा आणि जाणकाराच्या नजरेखाली तेवढाच करा.